नाट्यगृहासाठी ध्वनी, प्रकाश आणि श्रवणशास्त्राचा सल्लागार : एका सेवेचे परीक्षण

तालुक्याच्या ठिकाणच्या नाट्यगृहाचे नूतनीकरण करताना ध्वनी, प्रकाश आणि श्रवणशास्त्र यांसाठी स्वतंत्र सल्लागार नेमण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. वास्तुविशारद नकाशा काढतो, कंत्राटदार भिंती आणि छत उभे करतो, आणि सर्वांत शेवटी साउंडवाला व लाइटवाला येऊन आपापले सामान बसवून जातात. रंगमंचावर उच्चारलेला शब्द शेवटच्या रांगेत कळेल की नाही, याची जबाबदारी या चौघांपैकी कोणावरच नसते. आमच्या कोकणातील साडेसहाशे खुर्च्यांच्या नाट्यगृहाचे काम निघाले तेव्हा विश्वस्त मंडळाने हा शिरस्ता मोडला आणि मुंबईतील एका सल्लागार संस्थेकडे तिन्ही विषय एकत्र सोपवले. मी मंडळाच्या बांधकाम उपसमितीवर असल्यामुळे पहिल्या पाहणीपासून अंतिम चाचणीपर्यंत हे काम जवळून पाहता आले. दुसऱ्या टप्प्याच्या निविदा अजून निघायच्या आहेत, त्यामुळे संस्थेचे नाव येथे देणे उचित होणार नाही. परंतु अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या इतर संस्थांना तिच्या गुणदोषांचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम सल्लागार नेमके काय करतो ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या मंडळातही आरंभी त्याबद्दल गैरसमज होते. तो माल विकत नाही. तो मोजमाप करतो, आराखडा देतो, निविदेची तांत्रिक कागदपत्रे तयार करतो, आलेल्या दरपत्रकांची छाननी करतो, काम चालू असताना देखरेख ठेवतो आणि शेवटी ठरलेले आकडे प्रत्यक्षात आले की नाहीत हे उपकरणाने तपासून लेखी देतो. आमच्या सल्लागार संस्थेने आरंभीच लिहून दिले होते की कोणत्याही उत्पादकाकडून किंवा विक्रेत्याकडून ती दलाली घेत नाही. मानधन प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत न ठेवता ठोक ठेवावे, असा आग्रह मात्र आम्ही धरला, कारण टक्केवारीवर काम करणाऱ्याला खर्च वाढल्याचे दुःख होण्याचे कारण नसते. ती रक्कम शेवटी एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आसपास गेली. आकडा ऐकून काही विश्वस्तांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न साहजिक होता : ज्याच्याकडून स्पीकर घ्यायचे तोच हा सल्ला फुकट देत असताना वेगळे पैसे कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच अहवालात मिळाले. आमच्या नाट्यगृहाची जुनी तक्रार अशी होती की हाउसफुल्ल प्रयोगाला सारे नीट ऐकू येते आणि प्रेक्षक कमी असले की संवाद घुमतात. वर्षानुवर्षे याचा दोष स्पीकरला दिला गेला आणि दोनदा स्पीकर बदलले गेले. सल्लागारांनी रिकाम्या प्रेक्षागृहात बारा तोंडांचा एक गोलसर लाउडस्पीकर ठेवून, त्यातून खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जाणारा आवाज सोडून, निरनिराळ्या रांगांमध्ये नोंदी घेतल्या. निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यानंतर त्याची घुमण साठ डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, २.१ सेकंद निघाला. संवादप्रधान नाटकाला तो साधारण एक सेकंदाच्या जवळपास हवा. हिशोब हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या सूत्राचा आहे : घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि सभागृहातील एकूण शोषणाने भागायचे. आमचे घनफळ सुमारे ४,२०० घनमीटर; म्हणजे रिकाम्या सभागृहात शोषण सुमारे ३२२ एकक (एक एकक म्हणजे आवाज पूर्णपणे गिळणारा एक चौरस मीटर पृष्ठभाग), आणि निनादकाल १.१ सेकंदावर आणायचा तर ते ६१५ च्या घरात जायला हवे. प्रत्येक प्रेक्षक आपल्या कपड्यांसकट जवळजवळ ०.४ एककांची भर घालतो. त्यामुळे सभागृह भरले की निनादकाल आपोआप सव्वा सेकंदाच्या आत येतो, निम्मे भरले तर दीड सेकंदावर अडकतो, आणि रिकाम्या तालमीत नटांना एकमेकांची वाक्ये धड ऐकू येत नाहीत. थोडक्यात, आमच्या प्रेक्षागृहात ध्वनिशोषक होते ते प्रेक्षकच होते. जुन्या खुर्च्यांवर रेक्झीन चढवलेले असल्यामुळे त्या आवाज परतवून लावत होत्या.

उपाय त्यातूनच आला. खुर्च्यांवर जाड फोम आणि त्यावर हवा खेळू देणारे कापड असावे, आणि उचलल्यावर उभी राहणारी बैठक खालच्या बाजूने सच्छिद्र असावी, म्हणजे रिकामी खुर्चीही बसलेल्या माणसाइतकेच नाही तरी बरेचसे काम करते. एकट्या खुर्च्यांनी जवळपास १९५ एकके दिली. हा आराखड्यातील सर्वांत चांगला निर्णय होता, असे मी आजही म्हणेन. कारण त्यामुळे सभागृहाचा गुण प्रेक्षकसंख्येवर अवलंबून राहण्याचे बंद झाले, आणि आमच्यासारख्या गावात हाउसफुल्लचा बोर्ड काही रोज लागत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. कोकणातील पावसाळ्यात कापडी खुर्च्यांना बुरशी धरते. सल्लागारांनी बुरशीरोधक प्रक्रिया केलेले कापड सुचवले, परंतु प्रयोग नसतानाही आठवड्यातून काही तास वातानुकूलन चालवून हवेतील दमटपणा खाली ठेवावा लागेल, ही गोष्ट त्यांच्या अहवालात तळटीपेसारखी आली. त्या तळटीपेचे वीजबिल दरवर्षी आम्ही भरणार आहोत. तिला अहवालात स्वतंत्र परिच्छेद मिळायला हवा होता.

दुसरा दोष मागच्या भिंतीचा होता, आणि तो शोधण्यातली त्यांची हातोटी वाखाणण्यासारखी होती. वसंत व्याख्यानमालेतले अनेक वक्ते सांगत की रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभे राहिले की आपलेच शब्द थोड्या उशिराने परत ऐकू येतात. भिंत रंगमंचाकडे तोंड करून वाटीसारखी वळलेली होती आणि तिला गुळगुळीत गिलावा होता. रंगमंचाच्या कडेपासून ती २२ मीटरवर. आवाजाने जाऊन परत यायचे अंतर ४४ मीटर. सेकंदाला ३४३ मीटर या वेगाने त्याला १२८ मिलिसेकंद लागतात, आणि साधारण ५० मिलिसेकंदांहून उशिरा आलेला जोरकस परावर्तित आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवतो. भिंत अंतर्वक्र असल्यामुळे तो विखुरण्याऐवजी एकवटून नेमका वक्त्याच्या उभे राहण्याच्या जागी येत होता. यापूर्वी कोणा हितचिंतकाच्या सल्ल्यावरून तिथे सतरंजी टांगून पाहिली होती. सतरंजीने वरचे स्वर खाल्ले, खालचे तसेच ठेवले, आणि आवाज अधिकच गढूळ झाला. सल्लागारांनी भिंतीच्या खालच्या भागावर खनिज लोकरीचे जाड थर व त्यांवर लाकडी पट्ट्या, आणि वरच्या भागावर कमीजास्त खोलीच्या खाचांचे, आवाज विखरून टाकणारे लाकडी विकिरक सुचवले. बाजूच्या भिंतींवर मागे हवेची पोकळी ठेवलेले प्लायवुडचे तक्ते आले, जे खर्जातली घुमण कमी करतात. बाजूच्या भिंतींचा रंगमंचालगतचा भाग मात्र त्यांनी मुद्दाम कठीण आणि कोरा ठेवला. तिथून परतणारा आवाज मूळ आवाजापाठोपाठ लगेच पोहोचतो आणि त्याला बळ देतो, हे कारण ऐकल्यावर, सर्व भिंतींना ‘अकौस्टिक पॅनेल’ लावून देतो म्हणणाऱ्या अंतर्गत सजावटकाराचे दरपत्रक आम्ही बाजूला ठेवले.

याच ठिकाणी आगीचा मुद्दा आला. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू आगीत सापडल्याचे पाहून राज्यातील प्रत्येक नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाच्या पोटात गोळा आला असेल. बाजारात मिळणारा टोकदार उंचवट्यांचा स्वस्त फोम झटकन पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. आमच्या सल्लागारांनी फोमच्या पत्र्यांवर सरसकट फुली मारली, खनिज लोकरीचाच आग्रह धरला, पडद्यांच्या आणि खुर्च्यांच्या कापडासाठी ज्वलनरोधक चाचणीचा दाखला निविदेतच बंधनकारक केला आणि साइटवर आलेल्या कापडाचा तुकडा स्वतः जाळून पाहिला. हे काम त्यांच्या करारात स्पष्ट लिहिलेले नव्हते, तरी त्यांनी ते केले. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

शांततेवर त्यांनी घालवलेला वेळ आरंभी मंडळाला अनाठायी वाटत होता. वातानुकूलन चालू असताना रिकाम्या प्रेक्षागृहात ४७ डेसिबल आवाज होता. नाटकातील विराम, कुजबुज, तंबोऱ्याचा झणत्कार हे सारे त्याखाली गाडले जात होते. त्यांनी यंत्राखाली स्प्रिंगचे आधार दिले, नळवाहिन्यांच्या आतून अस्तर लावले, आणि हवेचा वेग कमी व्हावा म्हणून झरोके मोठे केले, कारण अरुंद तोंडातून जोराने येणारी हवाच शिटीसारखी वाजत असते. एस. टी. स्थानक शेजारीच असल्यामुळे हॉर्नचा उपद्रव होता. तिथे दारे दुहेरी झाली, दोन दारांच्या मधल्या जागेत शोषक अस्तर आले आणि चौकटींना रबरी पट्ट्या बसल्या. आता यंत्र चालू असताना ३१ डेसिबल मिळतात. त्यांनी ठरवलेले लक्ष्य ३० चे होते. एका डेसिबलसाठी भांडण्यात अर्थ नाही, पण अंतिम अहवालात ‘लक्ष्य साध्य’ असे लिहिले आहे ते काटेकोर म्हणता येणार नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मर्त्यांसाठी नाट्यमंडप चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असावा, याहून मोठा करू नये, कारण मग पाठ्य अस्पष्ट होते, असे सांगितले आहे. मंडप पर्वताच्या गुहेच्या आकाराचा, लहान खिडक्यांचा आणि वारा न शिरणारा असावा, म्हणजे आवाज गंभीर राहतो, हेही तिथेच आहे. पार्श्वभूमीचा गोंगाट आणि सभागृहाचे आकारमान या दोन्ही गोष्टी त्या शास्त्रकाराने ओळखल्या होत्या. आमच्या पहिल्या इमारतीच्या ठेकेदाराने ओळखल्या नव्हत्या.

पावसाच्या बाबतीत मात्र मुंबईच्या मंडळींची चूक झाली. पाहणी हिवाळ्यात झाली आणि पहिल्या अहवालात छताचा विषयच नव्हता. आमचे छत पत्र्याचे. जूनपासून पुढे मुसळधार सर आली की नट हातवारे करताना दिसतात, बोलताना ऐकू येत नाहीत. हे आम्ही निदर्शनास आणल्यावर त्यांनी पावसात पुन्हा मोजणी केली तेव्हा प्रेक्षागृहात ६८ डेसिबल भरले. साध्या संभाषणाचा आवाज मीटरभर अंतरावर साठाच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे परिस्थिती कळते. मग सुधारित आराखडा आला : पत्र्याच्या खालून त्याचे कंपन मारणारा बिटुमेनचा थर, त्याखाली खनिज लोकर, आणि त्याखाली सांध्यांना जागा न ठेवता टांगलेले दुपदरी जिप्समचे छत. उपाय योग्य आहे, परंतु तो उशिरा आल्यामुळे जुन्या सांगाड्याची भारक्षमता तपासून घेण्यात आणखी वेळ गेला आणि छताचे अर्धे काम दुसऱ्या टप्प्यात ढकलावे लागले. कोकणात काम करणाऱ्या श्रवणशास्त्रज्ञाने पहिला प्रश्न छताचा विचारायला हवा.

ध्वनियंत्रणेच्या निवडीत त्यांचा स्वतंत्रपणा खरा कसाला लागला. आमच्याकडे आधीच एका विक्रेत्याचे लाइन अ‍ॅरेचे दरपत्रक होते. मैदानी जलशांत एकाखाली एक लटकवलेल्या कर्ण्यांची ती माळ पाहिलेली असल्यामुळे आमच्या तरुण विश्वस्तांना तिची भुरळ पडली होती. सल्लागारांनी शांतपणे सांगितले की दूरवर समान आवाज फेकणे हे त्या रचनेचे बळ आहे, आणि जिथे शेवटची रांग बावीस मीटरच्या आत आहे तिथे तिचे तोकडे रूप बसवून पैसे वाया जातात. त्याऐवजी रंगमंचाच्या वर मध्यभागी एक गट, दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक पूर्ण क्षमतेचा स्पीकर, पुढच्या दोन रांगांसाठी रंगमंचाच्या कडेला छोटे स्पीकर आणि बाल्कनीच्या खालच्या छायेत असलेल्या रांगांसाठी वेगळे स्पीकर, अशी मांडणी केली. बाल्कनीखालचे स्पीकर मुख्य स्पीकरपासून चौदा मीटरवर असल्याने त्यांना ४१ मिलिसेकंद आणि वर आणखी दहा-बारा मिलिसेकंद उशीर दिला. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार जो आवाज आधी पोहोचतो त्याच दिशेने आवाज आल्यासारखे कानाला वाटते; त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसाला डोक्यावरचा स्पीकर मोठ्याने बोलत असूनही आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा भासतो. हा परिणाम प्रत्यक्ष ऐकल्यावर आमच्यातील सर्वांत कंजूष सदस्यही गप्प झाले, आणि तो मान मिळवणे सोपे नाही.

स्पीकरच्या आधी खोली दुरुस्त करण्याचा त्यांचा क्रमही बरोबर होता. माइक उघडला की शिटी वाजते ती केवळ यंत्रामुळे वाजत नाही. घुमणाऱ्या सभागृहात स्पीकरचा आवाज भिंतींवरून फिरून माइकमध्ये परत शिरतो आणि आवाज वाढवायला जागाच उरत नाही. नाटकासाठी रंगमंचाच्या कडेला ठेवलेले पाच सपाट माइक पूर्वी निम्म्यावर उघडता येत नसत. आज ते पुरेसे उघडतात, आणि संगीत नाटकात ऑर्गन-तबल्याच्या जोडीने गाणाऱ्या नटाला कपाळावर माइक चिकटवावा लागत नाही. यंत्रणेतली जुनी गुणगुण प्रकाशाच्या डिमरमुळे येत होती. दोन्हींचा वीजपुरवठा एकाच फेजवर आणि अर्थिंग एकच. ते वेगळे केल्यावर आणि ध्वनियंत्रणेला स्वतंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर दिल्यावर ती नाहीशी झाली. डिजिटल मिक्सरवर व्याख्यान, नाटक आणि मैफल अशा तीन तयार जुळण्या कुलूपबंद करून ठेवल्या आहेत, आणि शोकसभा किंवा बक्षीस समारंभासाठी भिंतीवर चार बटणांची एक पट्टी आहे, जी आमचे रखवालदार काका कोणाच्या मदतीशिवाय चालवतात. शेवटच्या रांगेत वाक्सुबोधतेचा निर्देशांक, म्हणजे शब्द किती स्पष्ट कळतात याचे शून्य ते एक या पट्टीवरचे माप, ०.४२ वरून ०.६१ वर गेला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ०.६० पासून पुढे ‘चांगले’ सुरू होते.

प्रकाशाच्या विभागाबद्दल एवढे चांगले लिहिता येत नाही. त्यांचा पहिला आराखडा बारा मूव्हिंग हेड (नियंत्रक मेजावरून हव्या त्या दिशेला फिरवता येणारे दिवे), सुमारे चाळीस स्थिर एलईडी दिवे आणि एक मोठे नियंत्रक मेज असा होता. कागदावर देखणा आणि किमतीलाही साजेसा. मात्र मराठी व्यावसायिक नाटक कसे फिरते याचा विचार त्यात दिसला नाही. दौऱ्यावरच्या नाटकाची गाडी दुपारी येते, नेपथ्य आणि प्रकाशाचे सामान सोबतच असते, नाटकाचा लाइटवाला आपल्या प्रकाशयोजनेप्रमाणे दोन-तीन तासांत दिवे बांधतो, आणि प्रयोग संपताच रातोरात सारे उतरवून पुढच्या गावाला निघतो. अशा कंपनीला आमच्या दिव्यांचे आकर्षण नाही. तिला मोकळे बार हवेत, त्यांवर ठरावीक अंतराने सॉकेट हवेत, विंगेत त्रेसष्ट अँपिअरचा तीन फेजचा पुरवठा हवा, आणि प्रेक्षागृहात रंगमंचाच्या पुढे अशा उंचीवर दिवे लावायची जागा हवी की प्रकाश नटाच्या चेहऱ्यावर साधारण पंचेचाळीस अंशांनी पडेल. स्थिर दिव्यांचा संच लागतो तो राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या हौशी मंडळांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि दशावताराला, आणि त्यांना हाताळायला सोपी चोवीस सरकपट्ट्यांची साधी मेजच बरी वाटते.

ही अपेक्षा आम्ही लेखी मांडली. संस्थेने आराखडा बदलून दिला, परंतु फेररेखाटनासाठी जादा मानधन मागितले. कराराची प्रत पुढे ठेवल्यावर ती मागणी मागे घेतली गेली हे खरे असले, तरी वापरणाऱ्यांची गरज विचारणे हा आराखड्याआधीचा टप्पा असतो. तो वगळल्याची भरपाई ग्राहकाने का करावी? आणखी एक गोष्ट खटकली. मूव्हिंग हेडच्या आत थंडाव्यासाठी पंखे असतात आणि बारा दिव्यांचे पंखे एकदम फिरू लागले की, ज्या शांततेसाठी श्रवणशास्त्राच्या विभागाने वातानुकूलनाचे झरोके बदलायला लावले, ती शांतता दिव्यांच्या विभागाने परत खर्चून टाकली असती. एकाच संस्थेचे दोन विभाग एकमेकांचे अहवाल वाचत नसावेत, अशी शंका येते. आम्ही शेवटी चार मूव्हिंग हेड घेतले, तेही प्रयोगात बंद ठेवता येतील अशा वेगळ्या फेजवर.

प्रकाशात जे चांगले झाले ते त्यांनी प्रेक्षागृहाच्या छताखाली दिलेल्या चालमार्गामुळे. पूर्वी लाइटवाल्यांना पुढचे दिवे बांधायला खुर्च्यांच्या रांगांमध्ये उंच शिडी टेकवून चढावे लागे, आणि खाली एकजण ती धरून उभा असे. आता कठड्याच्या मार्गावरून ते उभ्याने काम करतात. एलईडी दिव्यांच्या निवडीतही काळजी दिसली : त्वचेचा रंग खरा दिसावा म्हणून रंगदर्शकतेची किमान मर्यादा शंभरपैकी ९० ठेवली, दिवा पूर्ण विझताना पायरीपायरीने न विझता एकसंध मावळावा यासाठी प्रत्यक्ष नमुना मागवून पाहिला, आणि चित्रीकरणात लुकलुक येणार नाही याची कॅमेऱ्याने खात्री केली. एक किलोवॅटचे जुने ‘पार’ जातीचे हॅलोजन दिवे काढल्यावर रंगमंचावरची उष्णताही घटली, त्यामुळे वातानुकूलनाचा भार कमी झाला. यातली एखादी बचत आम्हाला कोणी विक्रेत्याने सुचवली असती, असे वाटत नाही.

सल्लागार कधी बोलवायचा, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समधील टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झाले तेव्हा वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांच्या बरोबरीने ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस आराखड्यात सामील होते. हजाराहून थोड्या अधिक प्रेक्षकांना गायन-वादन ध्वनिवर्धकाविना ऐकू यावे, हे उद्दिष्ट इमारतीच्या आकारातच घेतले गेले. आमच्याकडे सल्लागार आला तेव्हा भिंती, छत आणि बाल्कनी कधीच उभी होती. म्हणून त्यांच्या मानधनाचा बराच वाटा नवे घडवण्याऐवजी जुने निस्तरण्यात गेला. नवी इमारत बांधणाऱ्या नगरपालिकेने किंवा संस्थेने हा करार वास्तुविशारदाच्या कराराबरोबरच करावा. सभागृहाच्या ध्वनिरचनेबाबत भारतीय मानक ब्युरोची आय. एस. २५२६ ही संहिता १९६३ पासून आहे, तिचा उल्लेख निविदेत असणे ही किमान अट समजावी.

कागदपत्रांबाबत संस्था उत्तम. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना क्रमांक आहे, त्याच क्रमांकाचे नकाशे कपाटात आहेत, आणि अंतिम मोजणीचे आलेख मराठी टिपणासह मिळाले. टिपण आम्ही मागितल्यावर मिळाले, हे खरे; मूळ अहवाल इंग्रजीतच होता आणि आमच्या तंत्रज्ञांपैकी एकालाही तो वाचता येण्यासारखा नव्हता. देखरेखीसाठी येणारे अभियंते मात्र कामाला वाघ होते. ठेकेदाराने मागच्या भिंतीवर ठरल्यापेक्षा पातळ लोकर भरली तेव्हा त्यांनी एक तक्ता काढायला लावून जाडी मोजली आणि सगळे काम पुन्हा करून घेतले. त्या एका तपासणीने त्यांच्या मानधनाचा मोठा भाग वसूल झाला, कारण आत काय भरले आहे हे आमच्यापैकी कोणाला बाहेरून कळले नसते.

श्रवणशास्त्रासाठी मी या संस्थेला पाचपैकी साडेचार गुण देईन, ध्वनियंत्रणेसाठी पूर्ण पाच, प्रकाशासाठी तीन, आणि वेळापत्रकासाठी अडीच. रंगपंचमीनंतर संपणार असलेले काम गणेशोत्सवापर्यंत लांबले आणि त्या काळातील भाड्याचे उत्पन्न बुडाले. दुसऱ्या टप्प्याच्या करारात आम्ही तीन कलमे घातली आहेत. पाहणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात व्हावी. प्रकाशाचा आराखडा काढण्यापूर्वी किमान एका दौऱ्यावरच्या नाटकाचा लाइटवाला, एक हौशी दिग्दर्शक आणि एका शाळेचे सांस्कृतिक विभागप्रमुख यांच्याशी बैठक घेऊन तिचे इतिवृत्त जोडावे. आणि अंतिम मानधनाचा पाचवा हिस्सा, प्रेक्षागृह निम्मे भरलेले असताना घेतलेली मोजणी ठरलेल्या मर्यादेत आल्यावरच द्यावा. पहिल्या दोन कलमांना संस्थेने लगेच होकार दिला. तिसऱ्यावर बोलणी चालू आहेत.